ऑसिलोस्कोपला सिग्नल जोडताना आणि सेटिंग करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिप्लोमा-इंजिनिअरिंगची मुलं, रिपेअरिंगवाले, घरी टेबलावर आर्डुइनो मांडून बसणारे, सगळ्यांकडून मला वर्षानुवर्षं फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचे एकत्र लिहून काढलेत. उत्तरं साध्या बेंच डीएसओसाठी (डिजिटल स्टोरेज ऑसिलोस्कोप, खाली त्यालाच नुसतं स्कोप म्हटलंय) आहेत, म्हणजे ५० ते २०० मेगाहर्ट्झ, दोन किंवा चार चॅनेल आणि सोबत आलेले साधे पॅसिव्ह प्रोब (सर्किटला टेकवायची टिप आणि ग्राउंड क्लिप असलेली केबल). घाईत असाल आणि काम २३० व्होल्टच्या आसपासचं असेल तर ७, ८ आणि ९ हे प्रश्न आधी वाचा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

१. कॉलेजात सीआरओ (जुना, पिक्चर ट्यूबवाला ऑसिलोस्कोप) शिकलो, आता डीएसओ समोर आहे, सगळं नव्याने शिकावं लागेल का?

नाही. व्होल्ट पर डिव्हिजन (स्क्रीनवरच्या एका उभ्या घराला किती व्होल्ट), टाइम पर डिव्हिजन (एका आडव्या घराला किती वेळ) आणि ट्रिगर (कुठल्या क्षणी वेव्ह पकडायची) हे तिन्ही तसेच आहेत, प्रोबही तोच. डीएसओ सिग्नलचे नमुने घेऊन मेमरीत ठेवतो, त्यामुळे एकदाच घडलेली गोष्टही पकडून ठेवता येते (प्रश्न १३), पण त्या नमुने घेण्यातूनच एक नवीन फसगतही येते, ती सीआरओत नव्हती (प्रश्न १८). बाकी हात बसलेला असेल तर आठवडाभरात सवय होते.

२. नवीन स्कोप आणला, बॉक्स उघडला, पहिल्यांदा कुठे काय जोडू?

स्वतःच्या सर्किटला हात लावायच्या आधी प्रोब स्कोपलाच जोडा. समोर खाली एक छोटी पट्टी किंवा कडी असते, तिथे बहुतेक स्कोपवर १ किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह मिळते, ३ किंवा ५ व्होल्टची. प्रोब १०एक्सवर ठेवा, टिप त्या कडीला, ग्राउंड क्लिप शेजारच्या ग्राउंडला. स्क्रीनवर कोपरे गोलाकार दिसले तर कॉम्पेन्सेशन (प्रोबची कपॅसिटन्स स्कोपच्या इनपुटशी जुळवणं) कमी आहे, कोपऱ्यावर टोक वर निघालेलं दिसलं तर जास्त आहे. प्रोबवर नाहीतर त्याच्या बीएनसी कनेक्टरजवळ (स्कोपला लावायच्या गोल टोकाजवळ) एक बारीक स्क्रू असतो, तो सोबत मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या स्क्रू ड्रायव्हरने अगदी हळू फिरवा, वरची रेघ सपाट आणि कोपरे काटकोनात आले की थांबा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर वापरला तर हात बाजूला घेतला की सेटिंग परत हलल्यासारखं दिसतं.

हे एकदा करून संपत नाही. प्रत्येक स्कोपची इनपुट कपॅसिटन्स थोडी वेगळी असते, म्हणून प्रोब दुसऱ्या चॅनेलला किंवा दुसऱ्या स्कोपला लावला की परत बघायचं. मी प्रोबवर आणि चॅनेलवर एकाच रंगाच्या रिंगा लावून जोड्या पक्क्या करून टाकल्यात. कॉम्पेन्सेशन बिघडलेलं असेल तर डीसी बरोबर दाखवेल आणि काही किलोहर्ट्झच्या वरची उंची चुकीची दाखवेल, आणि स्क्रीनकडे बघून ते अजिबात कळणार नाही, म्हणून हा अर्धा मिनिट वाचवू नका.

३. प्रोबवर १एक्स आणि १०एक्स असा स्विच आहे, कुठे ठेवू?

१०एक्सवर ठेवा आणि खास कारण असल्याशिवाय हलवू नका. स्कोपचं इनपुट असतं १ मेगाओहम आणि त्याला समांतर साधारण १५ पिकोफॅरॅड. १०एक्सवर प्रोबमध्ये ९ मेगाओहम सिरीजमध्ये येतात, म्हणजे तुमच्या सर्किटला १० मेगाओहम आणि फक्त १०-१५ पिकोफॅरॅड दिसतात. १एक्सवर प्रोबची अख्खी केबल सर्किटवर लटकते, म्हणजे १०० पिकोफॅरॅडच्या आसपास, आणि प्रोबची बँडविड्थही १० मेगाहर्ट्झच्या आत येते, मग स्कोप १०० चा असो की २०० चा. १एक्सचा उपयोग एकाच ठिकाणी, जिथे सिग्नल अगदी छोटा, काही मिलीव्होल्टचा, पण हळू आहे आणि सोर्स दणकट आहे, उदाहरणार्थ सप्लायचा रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर (प्रश्न १९).

४. ५ व्होल्टच्या पिनवर ५० व्होल्ट दाखवतोय, स्कोप खराब आहे का?

स्कोप चांगला आहे. प्रोब १एक्सवर आहे आणि चॅनेलच्या मेनूत १०एक्स टाकलंय. उलट असेल तर अर्धा व्होल्ट दाखवेल. स्वस्त प्रोबवरचा स्विच स्कोपला कळत नाही, दोन्हीकडे तुम्हालाच सारखं ठेवायला लागतं. तो स्विच खिशात-ड्रॉवरमध्ये घासून आपोआप सरकतो, म्हणून मी त्याच्यावर सेलोटेपचा तुकडा चिकटवतो.

५. ग्राउंड क्लिप लावलीच पाहिजे का? नाही लावली तरी काहीतरी दिसतं की.

दिसतं, कारण सर्किटचं ग्राउंड आणि स्कोपचं ग्राउंड कुठून तरी लांबून, अर्थिंगमधून वगैरे जुळलेलं असतं. पण त्या लांबच्या वाटेत घरातला सगळा गोंगाट मिसळतो. व्होल्टेज दोन बिंदूंमधलं असतं, टिप हा एक बिंदू आणि क्लिप हा दुसरा, त्यामुळे क्लिप ज्या जागी लावाल त्या जागेच्या तुलनेत तुम्ही मोजताय. सिग्नल ज्या आयसीतून येतोय त्याच्या जवळात जवळच्या ग्राउंडला लावा, बोर्डाच्या दुसऱ्या टोकाच्या स्क्रूला नको. आणि क्रम लक्षात ठेवा, लावताना आधी क्लिप मग टिप, काढताना आधी टिप मग क्लिप.

६. काहीच जोडलेलं नाही तरी स्क्रीनवर ५० हर्ट्झ नाचतंय, का?

उघडी टिप म्हणजे अँटेना, आणि इनपुट मेगाओहममध्ये असल्यामुळे भिंतीतल्या वायरिंगमधून एवढंसं जरी आलं तरी दिसतं. टिपला बोट लावलं की आणखी वाढतं, कारण आता तुमचं अख्खं शरीर अँटेना झालं. टिप स्वतःच्याच क्लिपला लावा, रेघ सपाट झाली म्हणजे सगळं ठीक आहे. प्रत्यक्ष मोजताना असं ५० हर्ट्झ दिसलं तर बहुतेक वेळा क्लिप सुटलेली असते किंवा क्लिपच्या मुळाशी वायर आतून तुटलेली असते, ती बाहेरून धडधाकट दिसते.

७. एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) दुरुस्त करतोय, प्रायमरी साइडला (२३० व्होल्टला जोडलेल्या बाजूला) प्रोब लावू का?

क्लिप लावू नका. हे मी सगळ्यात जास्त वेळा लिहिलंय आणि परत लिहितो. तुमच्या प्रोबची ग्राउंड क्लिप म्हणजे बीएनसीची बाहेरची बॉडी, म्हणजे स्कोपची चासी, म्हणजे तीन पिनच्या प्लगमधली अर्थ पिन. ती क्लिप जिथे लावाल ती जागा तुम्ही थेट अर्थिंगला जोडताय.

आता ब्रिज रेक्टिफायरनंतरच्या मोठ्या कपॅसिटरची मायनस बाजू बघा. बोर्डावर तिला ग्राउंडची खूण असते म्हणून सगळे फसतात. पण प्रत्येक सायकलच्या अर्ध्या भागात ती ब्रिजमधल्या एका डायोडमधून सरळ फेजला जोडलेली असते. तिथे क्लिप लावली की फेज, डायोड, क्लिप, स्कोपची बॉडी, अर्थ, असा शॉर्ट. शिकत असताना हे माझ्या हातून झालंय. क्लिप टेकली त्या क्षणी निळा पांढरा उजेड, एमसीबी पडला, खोलीत जळका वास, आणि क्लिपचे दोन दात वितळून त्यांचा एक मणी झालेला. स्कोप वाचला, ब्रिज आणि फ्यूज गेले. ती क्लिप अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, नवीन मुलगा शिकायला आला की आधी ती दाखवतो.

«न्यूट्रलला लावली तर?» असंही विचारतात. आरसीसीबी (अर्थकडे गळती झाली की पडणारा ब्रेकर) असेल तर तो पडू शकतो, आणि दोन पिनचा प्लग उलटा बसला असेल तर तुम्ही ज्याला न्यूट्रल समजताय तो फेज असतो. तेही नको.

बरोबर पद्धत अशी: ज्याची दुरुस्ती चालू आहे ते बोर्ड आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर (दोन वेगळी वाइंडिंग, त्यामुळे मेन्सशी थेट जोड राहत नाही) चालवा, स्कोप आपल्या तीन पिनवर अर्थिंगसकट राहू दे. मग प्रायमरीच्या मायनसला क्लिप लावता येते. दोन गोष्टी मात्र आयसोलेशन देत नाहीत आणि लोक देतात असं समजतात. एक, व्हेरिअ‍ॅक, आपल्याकडे ज्याला डिमरस्टॅट म्हणतात, त्यात एकच वाइंडिंग असतं. दुसरा, सिरीज बल्ब, तो करंट आवरतो, फ्यूज वाचवतो, पण फेज फेजच राहतो. आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असला तरी क्लिप लावल्यावर ती बाजू अर्थला बांधली गेली, म्हणजे ३२५ व्होल्टचा प्लस आता अर्थच्या तुलनेत खराखुरा जिवंत आहे, हात लागला तर शॉक बसणार आणि आरसीसीबी वाचवणार नाही. एक हात मागे, आणि कपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय बोर्डाला स्पर्श नाही.

८. स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकली तर? आमच्याकडे सगळे तसंच करतात.

करतात हे मला माहीत आहे, तरी नको. पिन काढल्यावर क्लिप जिथे लावाल ते व्होल्टेज स्कोपच्या धातूच्या प्रत्येक भागावर येतं, बीएनसीवर, यूएसबीच्या तोंडावर, दुसऱ्या प्रोबच्या क्लिपवर. तुम्ही नॉब फिरवायला हात पुढे करता आणि करंगळी बीएनसीला लागते, एवढंच पुरे आहे. बॅटरीवर चालणाऱ्या स्कोपलाही हेच लागू आहे, त्याचं इनपुट आयसोलेटेड आहे असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं नसेल तर त्याचीही बॉडी जिवंत होते.

जुन्या घरात तीन पिनचं सॉकेट असतं पण आत अर्थिंगची वायरच नसते, हेही बघून घ्या. स्कोपच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाहीये, आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून ते व्होल्टेज बॉडीवर येतंय. आधी इलेक्ट्रिशियन, मग स्कोप.

९. मग हाय साइड मॉसफेटचा (सप्लायच्या प्लसकडच्या स्विचिंग ट्रान्झिस्टरचा) गेट किंवा फेज-न्यूट्रलमधला वेव्हफॉर्म बघायचा तरी कसा?

डिफरेन्शियल प्रोब, म्हणजे अर्थला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा. महाग असतो पण पॉवरचं काम रोज असेल तर स्कोपइतकाच गरजेचा आहे, आधी तो घ्या मग दुसरे शौक करा.

नसेल तर दोन साधे प्रोब घ्या, दोन्ही १०एक्सवर, दोन्ही क्लिपा सर्किटपासून लांब ठेवून फक्त एकमेकींना जोडा, एका टोकाला सीएच१ (चॅनेल १), दुसऱ्याला सीएच२, आणि स्कोपच्या मॅथ मेनूमध्ये सीएच१ वजा सीएच२. दोन्हींचं व्होल्ट पर डिव्हिजन सारखंच ठेवा. याला मर्यादा आहे आणि ती नीट समजून घ्या. दोन प्रोबमध्ये नुसता १ टक्का फरक असला आणि दोन्ही टोकं ३०० व्होल्टवर एकत्र उड्या मारत असली तर वजाबाकीत ३ व्होल्टची चूक येते. फेज-न्यूट्रल बघायला हे चालतं, १२ व्होल्टच्या हाय साइड गेटसाठी त्या आकृतीवर विश्वास ठेवू नका.

आणखी एक हिशेब. २३० व्होल्ट आरएमएस म्हणजे पीक ३२५, पीक टू पीक ६५०. काही स्कोपांचं सगळ्यात मोठं सेटिंग ५ व्होल्ट पर डिव्हिजन असतं, १०एक्स प्रोबसकट ५०, गुणिले ८ डिव्हिजन म्हणजे ४००. वेव्ह वरून खालून कापलेली दिसेल आणि मॅथचं उत्तर साफ चुकेल. तिथे १००एक्स प्रोब लागतो. प्रोबवर आणि बीएनसीशेजारी छापलेलं कमाल व्होल्टेज आधी वाचा, वाढत्या फ्रिक्वेन्सीला प्रोबचं ते रेटिंग कमी होत जातं.

१०. आर्डुइनो लॅपटॉपला यूएसबीने जोडलाय, क्लिप ५ व्होल्टला लावली आणि पोर्ट बंद पडला. ५ व्होल्टमध्ये एवढं काय झालं?

लॅपटॉप किंवा डेस्कटॉपचं ग्राउंडही बऱ्याचदा अर्थिंगला असतं आणि स्कोपचंही. त्यामुळे क्लिप ५ व्होल्टला लावली म्हणजे ५ व्होल्ट आणि ग्राउंड शॉर्ट झाले, अर्थिंगमधून. तसंच दोन प्रोबच्या दोन क्लिपा स्कोपच्या आत एकच वायर आहेत. पहिली ग्राउंडला आणि दुसरी एखाद्या रेझिस्टरच्या वरच्या टोकाला लावलीत तर तो रेझिस्टर शॉर्ट झाला. दोन बिंदूंमधला फरक हवा असेल तर प्रश्न ९ मधली वजाबाकी करा. सर्किट बॅटरीवर आणि बाकी कशालाच जोडलेलं नसेल, तरच एक क्लिप कुठेही लावायची मोकळीक आहे.

११. एसी कपलिंग ठेवू की डीसी? सिग्नल एसी आहे.

नावावर जाऊ नका, सिग्नल एसी असला तरी डीसी कपलिंगच ठेवा. एसी कपलिंग म्हणजे मधे एक कपॅसिटर येतो आणि डीसी भाग कापला जातो, मोठ्या डीसीवर बसलेला छोटा सिग्नल मोठा करून बघायला ते आहे. पण तो कपॅसिटर काही हर्ट्झच्या खालचंही अडवतो, त्यामुळे हळू स्क्वेअर वेव्हच्या सपाट रेघा तिरक्या उतरतात, आणि पीडब्ल्यूएमची (पल्सची रुंदी बदलत जाणाऱ्या सिग्नलची) ड्यूटी, म्हणजे चालू वेळेचं प्रमाण, बदललं की सगळी आकृती वरखाली सरकते. लोक मग सर्किटमध्ये दोष शोधत बसतात.

१२. वेव्ह थांबतच नाही, डावी-उजवीकडे धावते.

ट्रिगरची लेव्हल सिग्नलच्या बाहेर गेलीय किंवा ट्रिगरचा सोर्स चुकीचा चॅनेल आहे. या दोनच गोष्टी दहापैकी नऊ वेळा. लेव्हलची रेघ वेव्हच्या मधोमध आणा, सोर्स तोच चॅनेल आहे ना बघा. सिग्नलवर खरखर असेल तर एकाच चढावर स्कोप दोन-तीनदा ट्रिगर होतो, तेव्हा ट्रिगरमध्ये हाय फ्रिक्वेन्सी रिजेक्ट किंवा नॉइज रिजेक्ट चालू करा. दोन चॅनेल असतील तर ट्रिगर नेहमी हळू सिग्नलवर ठेवा.

डेटाची पाकिटं असतील तर होल्डऑफ लागतो. समजा २० मिलीसेकंदाचं पाकीट दर १०० मिलीसेकंदाला येतं, पाकिटाच्या आत चढ खूप आहेत, स्कोप कुठल्याही चढावर पकडतो. होल्डऑफ ५० मिलीसेकंद केला की एकदा पकडल्यावर तो ते पाकीट संपेपर्यंत गप्प बसतो आणि पुढच्या पाकिटाचा पहिलाच चढ पकडतो, चित्र दगडासारखं स्थिर.

१३. ऑटो, नॉर्मल आणि सिंगल, कधी काय?

ऑटोत ट्रिगर मिळाला नाही तरी स्कोप काहीतरी दाखवत राहतो, सुरुवातीला सिग्नल शोधायला बरा. नॉर्मलमध्ये ट्रिगर मिळाला तरच स्क्रीन बदलते, त्यामुळे क्वचित येणाऱ्या सिग्नलला हाच. सिंगल म्हणजे एकदा पकडून थांब. बटणाचा बाउन्स बघायचाय? लेव्हल २.५ व्होल्ट, उतरता काठ, १ मिलीसेकंद पर डिव्हिजन, सिंगल दाबा आणि मग बटण दाबा. एका दाबण्यात किती वेळा कॉन्टॅक्ट तुटतो-जुळतो हे पहिल्यांदा बघितलेला माणूस डीबाउन्स परत कधी विसरत नाही.

१४. ऑटोसेट बटण असताना हे सगळं कशाला?

साध्या, सतत चालणाऱ्या वेव्हला दाबा की, मीही दाबतो. पण एकदाच येणारा सिग्नल, खूप हळू सिग्नल, डीसीवरचा रिपल, डेटाची पाकिटं, इथे त्याला काही कळत नाही. शिवाय तो कपलिंग आणि ट्रिगर परस्पर बदलून टाकतो, म्हणून दाबल्यावर चॅनेलचा मेनू एकदा वाचा.

१५. मल्टिमीटर ५.०२ दाखवतो आणि स्कोप ४.८८, खरं कोणाचं?

डीसीसाठी मल्टिमीटरचं. बहुतेक स्कोप ८ बिटचे असतात, म्हणजे पूर्ण उंचीचे २५६ भाग. १ व्होल्ट पर डिव्हिजनवर ८ डिव्हिजन धरल्या तर एक पायरी ३१ मिलीव्होल्टची. त्याशिवाय डीसी अचूकता साधारण पूर्ण उंचीच्या ३ टक्के असते, म्हणजे ८ व्होल्टवर २४० मिलीव्होल्ट. ४.८८ यात आरामात बसतं, तक्रार करण्यासारखं काही नाही.

यातून कामाची गोष्ट अशी की वेव्ह स्क्रीन भरून घ्या. अर्धा व्होल्टचा सिग्नल १ व्होल्ट पर डिव्हिजनवर बघितलात तर जेमतेम १६ पायऱ्या मिळतात, तोच १०० मिलीव्होल्टवर घेतला तर १६०. फक्त वर-खाली कापला जाऊ देऊ नका, कापलेल्या वेव्हचं कुठलंही मोजमाप खोटं.

एसीत फरक आला तर तीन गोष्टी बघा. मीटर ट्रू आरएमएस आहे का, कारण साधा मीटर फक्त साइन वेव्हला बरोबर असतो, पीडब्ल्यूएमला नाही. फ्रिक्वेन्सी मीटरच्या आवाक्यात आहे का, साधे मीटर काही शे हर्ट्झपर्यंतच भरवशाचे. आणि डीसी कपलिंगवर स्कोपचा आरएमएस डीसीसकट असतो, मीटरचा एसी डीसी सोडून. पीक टू पीकच्या आकड्यात एखादी बारीक सुईसुद्धा मोजली जाते, म्हणून तो आकडा नेहमी जास्तच येतो. सतत तीच वेव्ह असेल तर ॲव्हरेजिंग लावून मग वाचा.

१६. स्क्वेअर वेव्हच्या प्रत्येक काठावर लहरी दिसतात, सर्किटमध्ये खरंच आहेत का?

कॉम्पेन्सेशन बरोबर असेल (प्रश्न २) तर पहिला संशय ग्राउंड क्लिपच्या त्या लांब वायरवर घ्या. सरळ वायरचं इंडक्टन्स ढोबळमानाने एका सेंटीमीटरला १० नॅनोहेन्री. १५ सेंटीमीटरची क्लिप म्हणजे १५० नॅनोहेन्री, आणि तिच्यासोबत प्रोबचे १० पिकोफॅरॅड. दोघं मिळून १३० मेगाहर्ट्झच्या आसपास घंटेसारखे वाजतात. जलद काठ आला की घंटेवर टोला बसतो, आणि ती लहर तुमच्या वायरची असते, सर्किटची नाही.

प्रोबच्या पाकिटात एक छोटी स्प्रिंग असते जी सगळे फेकून देतात, ती याच्यासाठी आहे. प्रोबची हुकवाली टोपी ओढून काढा, आत सुईसारखी टिप आणि तिच्याभोवती धातूची नळी दिसेल, ती नळी ग्राउंड आहे. स्प्रिंग त्या नळीवर चढवा, टिप सिग्नलवर आणि स्प्रिंगचं टोक शेजारच्याच ग्राउंडवर टेकवा. स्प्रिंग हरवली असेल तर टिन केलेली उघडी तार नळीभोवती चार वेढे देऊन टोक पुढे काढा, तेवढंच काम होतं. ग्राउंडची वाट १ सेंटीमीटर झाली की तीच घंटा ५०० मेगाहर्ट्झवर जाते, १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपला ती ऐकूच येत नाही. एका बक कन्व्हर्टरच्या (व्होल्टेज उतरवणाऱ्या स्विचिंग सप्लायच्या) स्विचिंग नोडवर मी लांब क्लिपने १२ व्होल्टवर १९ व्होल्टचं टोक बघितलं होतं, मॉसफेट बदलायची तयारी झाली होती, स्प्रिंगने बघितलं तर १३ व्होल्ट. स्प्रिंग लावूनही लहर राहिली तर ती खरी आहे, तेव्हा स्नबरचा (लहर दाबणाऱ्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या जोडीचा) विचार करा.

१७. माझा सिग्नल १० मेगाहर्ट्झ आहे, किती बँडविड्थचा स्कोप घेऊ?

साइन असेल तर ५० पुष्कळ. बँडविड्थचा आकडा म्हणजे जिथे साइनची उंची ७० टक्क्यांवर येते ती फ्रिक्वेन्सी, म्हणजे १०० च्या स्कोपवर १०० मेगाहर्ट्झची साइन ३० टक्के कमी दिसणार. म्हणून पाचपट घ्या असं सांगतात.

डिजिटल सिग्नलला मात्र फ्रिक्वेन्सी विचारू नका, काठ किती जलद आहे ते विचारा. स्कोपचा स्वतःचा राइझ टाइम (काठ चढायला लागणारा वेळ) म्हणजे ०.३५ भागिले बँडविड्थ, ५० ला ७ नॅनोसेकंद, १०० ला ३.५. दिसणारा राइझ टाइम हा खरा आणि स्कोपचा यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ असतो, ५ नॅनोसेकंदाचा काठ १०० च्या स्कोपवर ६.१ दिसतो. प्रोबचीही बँडविड्थ असते, २०० च्या स्कोपला ६० चा प्रोब लावला तर पैसे वाया. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सुटा प्रोब घेताना त्याच्यावरचा आकडा बघूनच घ्या.

१८. टाइमबेस फिरवला की फ्रिक्वेन्सीच बदलते, हे कसं?

ही एलिअसिंग, म्हणजे नमुने कमी पडल्यामुळे जलद सिग्नल हळू दिसणं. १ गिगासॅम्पलचा स्कोप म्हणजे कायम १ गिगा असं नसतं. मेमरी ठरलेली असते, समजा १२ मेगा पॉइंट, आणि तुम्ही १ सेकंद पर डिव्हिजन ठेवून १२ डिव्हिजन बघताय, म्हणजे १२ सेकंदाला १२ मेगा पॉइंट, सेकंदाला १ मेगा उरला. आता १ मेगाहर्ट्झच्या जवळचा सिग्नल अगदी निवांत काही हर्ट्झचा दिसतो, आणि तो दिसतो अगदी सुबक. सुरुवात नेहमी जलद टाइमबेसवरून करा आणि मग हळू व्हा, आणि स्क्रीनवरच्या सॅम्पल रेटच्या आकड्याकडे नजर ठेवा. बऱ्याच स्कोपांत दोन चॅनेल चालू केले की रेट अर्धा होतो. शंका आली तर पीक डिटेक्ट (दोन नमुन्यांमधली सगळ्यात वरची-खालची टोकंही दाखवणारा मोड) लावा, सुबक वेव्हच्या जागी जाड पट्टा आला तर ती वेव्ह खोटी होती.

१९. सप्लायचा रिपल ३०० मिलीव्होल्ट येतोय, सप्लाय नवीन आहे, बदलून घेऊ?

थांबा. आधी प्रोबची टिप आणि क्लिप दोन्ही सप्लायच्या एकाच ग्राउंड टर्मिनलला लावा. तरीही २०० दिसत असतील तर ते २०० क्लिपच्या वायरने हवेतून उचललेत, ट्रान्सफॉर्मरशेजारी ती वायर म्हणजे एक वेढ्याची कॉइल झाली. ही चाचणी फुकट आहे आणि हिने किती सप्लाय परत जायचे वाचलेत.

नीट मोजायचं तर १एक्स, एसी कपलिंग, चॅनेलच्या मेनूत २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ लिमिट चालू, लांब क्लिप काढून स्प्रिंग (प्रश्न १६), आणि मोजायच्या जागीच ०.१ मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक आणि १० मायक्रोफॅरॅडचा इलेक्ट्रोलिटिक लावून त्यांच्या पायांवर. कॉम्प्युटरच्या एटीएक्स सप्लायसाठी असेच कपॅसिटर लावून मोजायचं ठरलेलं आहे, आणि मर्यादा १२ व्होल्टला १२० मिलीव्होल्ट, ५ व्होल्टला ५० मिलीव्होल्ट पीक टू पीक. लोडही लावा, रिकाम्या सप्लायचा रिपल बघून काही कळत नाही.

२०. प्रोब लावला की सर्किट बंद पडतं, किंवा उलट, लावल्यावरच चालतं.

प्रोब लावला की तो सर्किटचा एक भाग झाला. क्रिस्टलला साधारण १२ ते २२ पिकोफॅरॅडचे लोड कपॅसिटर असतात, तिथे १०एक्सचे १० पिकोफॅरॅड गेले तरी फ्रिक्वेन्सी सरकते, १एक्सचे १०० गेले तर ऑसिलेशन थांबतं. क्रिस्टलवर प्रोब लावायचाच नाही, क्लॉक आउटपुटची पिन असेल तर तिथे बघा, नाहीतर टायमरमधून एखादी पिन हलवा आणि ती मोजा.

आयटूसीचा (दोन वायरवर चालणाऱ्या डेटा बसचा) हिशेब करून दाखवतो. ४.७ किलोओहमचा पुल-अप (लाइन वर ओढून धरणारा रेझिस्टर) आणि बसवर १०० पिकोफॅरॅड धरा, राइझ टाइम साधारण ४०० नॅनोसेकंद. १एक्स प्रोब लावला की कपॅसिटन्स दुप्पट, राइझ टाइम ८००. १०एक्स लावला तर ४५० च्या आसपास. ४०० किलोहर्ट्झच्या बसला मर्यादा ३०० आहे, म्हणजे बस मुळातच आजारी होती, पण १एक्सने बघितलं असतं तर तुम्ही आजाराचं मोजमाप दुप्पट लिहिलं असतं.

लावल्यावरच चालतं म्हणाल तर बहुतेक वेळा कुठली तरी पिन तरंगती आहे, प्रोबच्या १० मेगाओहमने तिला खाली धरलं. किंवा सर्किटचं ग्राउंडच तुटलंय आणि तुमच्या क्लिपने ते जोडलं.

२१. फंक्शन जनरेटरवर २ व्होल्ट टाकले, स्कोप ४ दाखवतो.

जनरेटरचं आउटपुट ५० ओहमचं असतं आणि समोरही ५० ओहमच लोड आहे असं धरून तो आकडा दाखवतो. स्कोप १ मेगाओहम, त्यामुळे दुप्पट. जनरेटरच्या मेनूत लोड हाय-झी (खूप मोठा रेझिस्टन्स) करा. किंवा केबलच्या स्कोपकडच्या टोकाला ५० ओहमचं टर्मिनेशन लावा, जलद काठ लांब केबलमधून येत असेल तर ते लावायलाच हवं, नाहीतर परावर्तन होऊन काठावर पायऱ्या पडतात. स्कोपमध्येच ५० ओहमचं सेटिंग असेल तर एक काळजी, त्याला साधारण ५ व्होल्ट आरएमएसच सोसतात, त्यावर चुकून १२ व्होल्टचा सप्लाय लागला तर आतला रेझिस्टर जळू शकतो.

२२. करंट बघता येतो का?

स्कोप व्होल्टेजच बघतो. ग्राउंडच्या बाजूला ०.१ ओहमचा शंट (करंटच्या वाटेत टाकलेला छोटा रेझिस्टर) टाका, १ अँपिअरला १०० मिलीव्होल्ट, क्लिप ग्राउंडकडच्या टोकाला. शंट वरच्या बाजूला असेल तर प्रश्न ९. करंट प्रोब असेल तर दर वेळी आधी डीगॉस (आत उरलेलं चुंबकत्व काढणं) आणि झिरो करा. व्होल्टेज आणि करंट गुणून पॉवर काढणार असाल तर दोन्ही प्रोबमधला वेळेचा फरक डेस्क्यू मेनूत भरून काढा, स्विचिंग लॉसमध्ये काही नॅनोसेकंदांनीही उत्तर खूप बदलतं.

२३. सेल्फ कॅलिब्रेशन किती वेळा करू?

स्कोप २०-३० मिनिटं चालू ठेवून तापू दे, सगळे प्रोब काढा, मग चालवा. खोलीचं तापमान ५ अंशांपेक्षा जास्त बदललं की परत, म्हणजे आपल्याकडे निदान उन्हाळ्यात एकदा आणि थंडीत एकदा. हे प्रोबचं कॉम्पेन्सेशन करत नाही, ते प्रश्न २ प्रमाणे हातानेच करायचं.